हदीस सही आहे, पण ती आयतीला जोडली कुणी?

रमजान आला की आपल्या सोलापुरातल्या मोबाइलवर तोच मजकूर फिरू लागतो: अमुक तफसीरमध्ये सही (म्हणजे अस्सल ठरलेली) हदीस दिली आहे, म्हणजे आयतीचा, कुरआनातल्या त्या वचनाचा, अर्थ खुद्द प्रेषितांनीच ठरवून दिला. दरवेळी तसं नसतं, आणि हे सांगून सांगून मी थकलो आहे.

ज्ञानेश्वरी ऐकत वाढलेल्याला टीका म्हणजे काय हे सांगायला नको. तफसीर ही कुरआनवरची तशीच टीका; हदीस म्हणजे प्रेषित मुहम्मद यांच्या उक्ती-कृतींची रिवायत, एकाकडून दुसऱ्याकडे आलेलं कथन. इथपर्यंत कुणी चुकत नाही.

रोज्याच्या आयतीत (२:१८७, म्हणजे अध्याय २, आयत १८७) पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत खा-प्या, असं आहे. अदी बिन हातिम या सहाबींनी, म्हणजे प्रेषितांच्या सोबत्यांनी, खरोखरच एक काळी आणि एक पांढरी दोरी उशीखाली ठेवली. रात्री पाहत राहिले, फरक दिसेना. सकाळी प्रेषितांकडे गेले, तेव्हा कळलं की तो रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड. इथे शंका आयतीबद्दल होती आणि उत्तरही आयतीबद्दलच मिळालं.

आता ४९:१२ घ्या. पुष्कळसे संशय टाळा, काही संशय पाप असतात, असं आयत म्हणते. भाष्यकार इब्न कसीर (मृत्यू इ.स. १३७३) तिथे बुखारी आणि मुस्लिम या दोन हदीस-संग्रहांतली हदीस देतात: संशयापासून दूर राहा, ती सर्वांत खोटी गोष्ट आहे. हदीस पूर्ण सही, पण तिच्यात या आयतीचा उल्लेखच नाही. ती इथे आणली भाष्यकारानं, आपल्या अभ्यासाच्या बळावर. माझा आक्षेप त्या जोडीला नाही, जोड चांगलीच आहे. पण तीच प्रेषितांची व्याख्या म्हणून सांगितली की आयतीतला ‘काही’ हा शब्द पुसला जातो. मग वजनाच्या शंकेनं सुताचं पोतं पुन्हा काट्यावर चढवणारा यंत्रमागवालाही पापी ठरतो.

लोक फक्त सनद, म्हणजे हदीस सांगणाऱ्यांची साखळी, बळकट आहे का एवढंच विचारतात. प्रेषित हे बोलले, इतकं सनद सांगते. कशाबद्दल बोलले, त्यासाठी मजकूरच वाचावा लागतो.

प्रेषितांचे चुलतभाऊ आणि सहाबी इब्न अब्बास यांचं मत प्रेषितांची हदीस म्हणून खपवणं ही आणखी एक चूक. सनद कुणापाशी थांबते ते पाहिलं की ती लगेच सापडते.

मला स्वतःला भाष्यकारांत तबरी (मृत्यू इ.स. ९२३) जवळचे वाटतात. ते रिवायती सनदेसकट मांडतात आणि आपली पसंती वेगळी सांगतात. प्रेषितांचा शब्द कुठे संपला आणि तबरींचा कुठे सुरू झाला, ते पानावर बोट ठेवून दाखवता येतं.