झिरो का सरकतो? गोष्ट जुनी आहे

भोसरीत नाहीतर नऱ्ह्याला कुणी स्वस्तातलं सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या हुकुमावर लाकूड-प्लास्टिक कोरणारं मशीन) जोडलं की हमखास हे होतंच, जॉब मस्त चालला आणि झिरोला, म्हणजे सुरुवातीच्या बिंदूला, परत आणलं तर टूल मिलीमीटरभर बाजूला, मग कपलिंग आवळा, स्क्रू बघा, मोटर बदला. गडबड बऱ्याचदा टायमिंगची असते.

१९५२ ला एमआयटीत जे एनसी (आकड्यांच्या हुकुमावर चालणारं) मिलिंग दाखवलं त्यात सर्वो होते, म्हणजे टेबल कुठे पोचलं ते मशीनला कळायचं. स्वस्त राउटरमधली स्टेपर मोटर म्हणजे बहिरा-मुका गडी, पल्स (विजेचा छोटा इशारा) आली की १.८ अंश सरकायचं, २०० पल्सला एक फेरा, नाही सरकला तरी कंट्रोलरला पत्ता नाही. १९६२ मध्ये आयबीएमच्या ब्रेसनहॅमने प्लॉटरसाठी नुसत्या बेरीज-वजाबाकीवर तिरकी रेघ मारायची युक्ती काढली, कुठल्या अॅक्सिसला कधी पल्स द्यायची ते जीआरबीएल (आर्डुइनो या छोट्या बोर्डावर चालणारं सीएनसीचं सॉफ्टवेअर) आजही तसंच ठरवतं.

खरा घोळ पीसीपासून. ईएमसी (अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेतून आलेलं, पुढे त्याचंच लिनक्ससीएनसी झालं) आणि नंतर माक-३, या पीसीवरून मशीन चालवणाऱ्या दोन्ही सॉफ्टवेअरनी प्रिंटरच्या पॅरलल पोर्टमधून पल्स काढल्या. आता हिशोब बघा, ५ मिमीचा स्क्रू, ८ मायक्रोस्टेप (ड्रायव्हर एका स्टेपचे आठ तुकडे करतो, मग फेऱ्याला १६०० पल्स), म्हणजे मिमीला ३२० पल्स, मिनिटाला ३००० मिमीच्या फीडला (वेगाला) दर ६२.५ मायक्रोसेकंदाला एक हवी. पण पीसीचा ठोका ४० मायक्रोसेकंदाचा असेल तर पल्स ४० ला पडणार नाहीतर ८० ला, मधे काही नाहीच, म्हणून मोटर खड्ड्यातल्या रिक्षासारखी खडखडते. लॅपटॉप तर त्यात पॉवर वाचवायला मधेच डुलकी काढतो, आमच्याकडे भंगारातला डेस्कटॉप त्याच्यापेक्षा सरस निघाला.

२००९ ला जीआरबीएल आलं, पल्सचं काम आर्डुइनोवर गेलं, पीसीची डुलकी सुटली. मोटरला करंट देणारा ड्रायव्हर मात्र राहिला. स्वस्त टीबी६५६० बोर्डांवर डायरेक्शनच्या (मोटर कुठल्या दिशेला फिरवायची ते सांगणाऱ्या) लाइनला स्लो ऑप्टो (उजेडातून सिग्नल पलीकडे देणारा भाग) असतो, चालू पटकन होतो पण बंद व्हायला वेळ लावतो, त्यामुळे एकाच बाजूला वळताना पहिली स्टेप जुन्याच दिशेला पडते, म्हणजे दोन स्टेपचा फरक. झिगझॅग पॉकेटमध्ये अशा १६० ये-जा झाल्या की बरोब्बर एक मिलीमीटर!

लिनक्ससीएनसीत त्यासाठीच डायरेक्शन सेटअप आणि होल्डचे (दिशा बदलल्यावर पल्सआधी किती थांबायचं आणि पल्सनंतर दिशा किती वेळ तशीच ठेवायची याचे) वेगळे रकाने आहेत. आकडे नॅनोसेकंदात टाकायचे हं, मी पहिल्यांदा ५ मायक्रोसेकंद म्हणून ५००० ऐवजी नुसतं ५ टाकलं होतं.