उखाणा ‘घालणं’ आणि उखाणा ‘घेणं’: एका शब्दाची पार्श्वभूमी

‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ हा उखाणा आहे का? गावाकडच्या सत्तरीतल्या बाईला विचारलं तर ती लगेच ‘हो’ म्हणते आणि वर उत्तरही देते: दात आणि जीभ. शहरात वाढलेल्या पंचविशीतल्या मुलीला विचारलं तर ती गोंधळते, कारण यात कुणाचं नावच नाही. दोघीही मराठीच बोलतात आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर आहेत. एका शब्दाचे दोन अर्थ, कोडं आणि यमकात गुंफून जोडीदाराचं नाव घेणं, शेजारी-शेजारी नांदत होते, त्यातला कोड्याचा अर्थ गेल्या पन्नास-साठ वर्षांत मागे पडला. लग्नसराईत उखाण्यांवर जे बोललं-लिहिलं जातं, त्यात ही गोष्ट जवळजवळ कुणीच विचारात घेत नाही.

या गुंत्याची उकल क्रियापदांत आहे. जुनी माणसं उखाणा ‘घालत’ आणि समोरचा तो ‘ओळखत’ किंवा ‘सोडवत’ असे. नाव मात्र ‘घेतलं’ जाई. ‘नाव घे गं’ असा आग्रह असायचा, ‘उखाणा घे’ असा नव्हे. कोडं समोरच्यापुढे टाकायचं म्हणून ‘घालणं’, आणि नाव तोंडात घ्यायचं म्हणून ‘घेणं’, असा साधा हिशेब होता. पुढे ‘उखाण्यात नाव घेणे’ हा प्रयोग रुळला. मग मधलं ‘नाव’ गळून पडलं आणि ‘उखाणा घेणे’ उरलं. कोड्याच्या शब्दाला नावाचं क्रियापद चिकटलं ते असं. आज कोणत्याही हॉलमध्ये माईकवरून ‘आता वहिनी उखाणा घेतील’ असं पुकारतात तेव्हा त्या चार शब्दांत हा सगळा प्रवास असतो.

शेजारच्या भाषांकडे पाहिलं की शंका राहत नाही. गुजरातीत ‘उखाणुं’ म्हणजे सरळ कोडं. नेपाळीत ‘उखान’ म्हणजे म्हण. या शब्दाची व्युत्पत्ती सहसा संस्कृत ‘उपाख्याना’पर्यंत नेली जाते, म्हणजे मुळात छोटी गोष्ट, आडून सांगितलेलं काही. आडून सांगणं हाच या सगळ्या अर्थांचा समान धागा. कोकणात कोड्याला ‘हुमाण’ हा वेगळा शब्द होता, त्यामुळे तिथे दोन्ही प्रकारांची सरमिसळ तुलनेने कमी झाली असावी असं मला वाटतं.

कोड्यांचा इतिहास फार मागे जातो. यजुर्वेदात अश्वमेधाच्या प्रसंगी ऋत्विज, म्हणजे यज्ञातले पुरोहित, एकमेकांना ‘एकटा कोण फिरतो?’ असे प्रश्न विचारतात, महाभारतात यक्षप्रश्न आहेत, संतांची कूट रचना आहे. पण स्वयंपाकघरात, खळ्यावर, रात्री अंथरुणावर पडल्या-पडल्या घातले जाणारे उखाणे त्या परंपरेपेक्षा आपल्याला जास्त जवळचे. ‘सूपभर लाह्या, त्यात एक रुपया’ म्हणजे चांदण्या आणि चंद्र. ‘लाल गाय लाकूड खाय, पाणी पिऊन मरून जाय’ म्हणजे आग. यांना ना कर्ता आहे, ना काळ.

मग यात नवऱ्याचं नाव शिरलं कुठून? नावबंदीतून. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, ही समजूत घरोघर होती. म्हणून ‘इकडची स्वारी’, ‘हे’, ‘अहो’, ‘आमच्या बाळूचे बाबा’. या बंदीला आधार म्हणून एक जुना संस्कृत श्लोक नेहमी पुढे केला जातो: ‘आत्मनाम गुरोर्नाम नामातिकृपणस्य च । श्रेयस्कामो न गृह्णीयात् ज्येष्ठापत्यकलत्रयोः ॥’ स्वतःचं, गुरूचं, अतिकंजूष माणसाचं, थोरल्या अपत्याचं आणि कलत्राचं नाव घेऊ नये. कलत्र म्हणजे पत्नी. श्लोकाने मनाई केली ती पुरुषाला, बायकोचं नाव घेण्याची. व्यवहारात तिचा जाच झाला तो बाईला. हे नीट सांगितलं जात नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

नाव न सांगण्याचे परिणाम किती लांब जात, याचं उदाहरण महाराष्ट्राबाहेरचं आहे. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदारयाद्या बनत होत्या. मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश या भागांत असंख्य बायकांनी स्वतःचंही नाव सांगितलं नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच लिहून घेतलं गेलं होतं. अशा सुमारे २८ लाख स्त्रियांना निवडणूक आयोगाने शेवटी यादीबाहेर ठेवलं. तो निर्णय कठोर होता, पण त्याने पुढच्या याद्यांत स्त्रियांची खरी नावं येण्याचा रस्ता उघडला.

मराठी घरात या बंदीला एक फट ठेवलेली होती. ठरावीक प्रसंगी, चारचौघींच्या देखत, यमकात गुंफून नाव घ्यायचं. माप ओलांडण्याआधी नणंद दार अडवते तेव्हा, घास भरवताना, मंगळागौरीला, डोहाळजेवणाला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. ‘महादेवाच्या पिंडीला बेल वाहते वाकून, अमुकरावांचं नाव घेते सर्वांचा मान राखून.’ ‘हिमालय पर्वतावर बर्फाच्या राशी, अमुकरावांचं नाव घेते लग्नाच्या दिवशी.’

वादाचा मुद्दा इथेच आहे. एक मत असं की या रचनांचा कोड्याशी काही संबंध नाही, केवळ दोन ओळींचा आकार सारखा म्हणून लोकांनी एकच नाव दिलं. दुसरं मत असं की नाव घेणं हा कोड्याचाच अवतार आहे. पहिली ओळ ऐकणाऱ्याला भलतीकडेच नेते, हिमालयात, देवळात, बागेत, आणि सगळ्यांचं लक्ष ज्या शब्दाकडे लागलेलं असतं तो उत्तरासारखा दुसऱ्या ओळीत येतो. मी या दुसऱ्या मताचा आहे. ज्या शब्दावर बंदी आहे तो एरवी उच्चारताच येत नाही, तो लपवत-लपवत आणावा लागतो, आणि लपवून सांगण्याची तयार रीत बायकांच्या तोंडी होतीच. पहिल्या ओळीचा दुसरीशी अर्थाने संबंध नसतो म्हणून हे थिल्लर यमक आहे, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. संबंध नसणं हीच त्या ओळीची कामगिरी होती.

पुरुषांच्या नाव घेण्याकडे पाहिलं की फरक कळतो. ‘भाजीत भाजी मेथीची, अमुक माझ्या प्रीतीची.’ तिथे ‘राव’ नाही, मान राखणं नाही, नाव उघडं. आणि ते नाव पुष्कळदा त्यानेच काही तासांपूर्वी तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं असायचं. मुलीचं माहेरचं नाव पुसून ठेवलेलं नवं नाव. ती त्याचं नाव घ्यायला लाजते आणि तो तिला दिलेलं नाव पुकारतो, अशी ही जोडी होती.

पहिल्या ओळींत काय-काय येतं हे कुणी सालवार मांडलं तर घरातल्या वस्तूंचा इतिहास हाती लागेल. आधी घंगाळ, तबक, कोनाडा, चांदीचा पाट. मग टेबल, कपबशी, आगगाडी, रेडिओ. हल्ली मोबाइल आणि वायफाय. १९५६च्या धर्मांतरानंतर बौद्ध घरांतल्या लग्नांत पिंड आणि बेल जाऊन बुद्धविहार आणि पंचशील आले, भीमरावांचं नाव आलं. जात्यावरच्या ओव्यांचं भाग्य थोर, लाखाहून जास्त ओव्या नोंदल्या गेल्या, गाणाऱ्या बायकांची नावं आणि गावं टिपली गेली. उखाण्यांच्या वाट्याला आल्या त्या यात्रेत आणि एसटी स्टँडवर मिळणाऱ्या पातळ पुस्तिका. त्यांत उखाणा कुणाचा, कुठला, याचा पत्ताच नाही. आई आणि आत्यांच्या तोंडचे पंधरा-वीस ओळींचे लांबलचक उखाणे, ज्यांत सासरचं सगळं घर, दागिने, पक्वान्नं एका दमात सांगितली जात, ते तर या पुस्तिकांत फारसे आलेच नाहीत. दोन ओळींचा छापील उखाणा पाठ करायला सोपा, म्हणून तोच टिकला.

१९७५च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर शहरी महाराष्ट्रात नाव घेण्यावर उघड टीका सुरू झाली. नवऱ्याचं नाव घ्यायला निमित्त कशाला हवं, हा प्रश्न रास्तच होता. त्याच सुमारास प्रेमविवाह, नोकरी, कॉलेजातली ओळख यांमुळे बायका नवऱ्याला नावाने आणि ‘अरे’ म्हणून हाक मारू लागल्या. बंदीच उठली, तेव्हा फटीची गरज संपली. उखाणा त्यानंतरच्या दोन दशकांत मागे पडेल असं वाटावं अशी ती परिस्थिती होती.

तो मागे पडला नाही, याचं बरंचसं श्रेय दूरचित्रवाणीला. २००४ साली एका मराठी वाहिनीवर रोज संध्याकाळी घरोघर जाऊन वहिनींशी खेळ खेळण्याचा कार्यक्रम सुरू झाला. जिंकणारीला पैठणी, आणि खेळाच्या ओघात उखाणा. चाळीतल्या, वाड्यातल्या, नव्या सोसायटीतल्या बायका कॅमेऱ्यासमोर नाव घेऊ लागल्या. नाव घेणं ही लाजण्याची गोष्ट होती, ती आता धिटाईने सादर करण्याची झाली. जावयांना, सासऱ्यांनाही आग्रह होऊ लागला. मात्र याच काळात ‘उखाणा’ म्हणजे फक्त नाव घेणं, हे समीकरण पक्कं झालं. मुलांच्या पुस्तकांत जुने उखाणे ‘कोडी’ किंवा ‘ओळखा पाहू’ अशा मथळ्यांखाली गेले. कोड्याने आपलं घर सोडलं आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मला याची हळहळ वाटते, कारण नावाचा उखाणा प्रसंगापुरता असतो, कोड्याचा उखाणा रोजच्या जेवणानंतरचा होता.

सध्या हा विषय पुन्हा चर्चेत आहे तो विधवांमुळे. हळदीकुंकवाला ज्यांना बोलावणंच नव्हतं, त्यांच्यावर नाव घेण्याचीही वेळ कधी येत नसे. आयुष्यभराच्या जोडीदाराचं नाव घेण्याची मुभा त्याच्या जाण्याबरोबर जाई. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. त्या ठरावात उखाण्याचा उल्लेख नव्हता, पण सर्व स्त्रियांसाठी हळदीकुंकू भरवणाऱ्यांपुढे हा प्रश्न येतोच: आग्रह करायचा का? काहींच्या मते तो जखमेवर बोट ठेवणं आहे. मला वाटतं, विचारावं. एखादी नको म्हणेल, तिला तिळगूळ द्यावा आणि पुढे जावं. पण घ्यायचं असेल तर ‘घेते’ म्हणायचा हक्क तिचाही आहे, आणि यमक जुळलं नाही तरी कुणाचं काही बिघडत नाही.