वात पेटल्यावर थांबणारं रॉकेट

वर्तकनगरला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दिवाळीत बाटलीत रॉकेट उभं करता करता भाच्याने विचारलं, "मामा, इस्रोचं छोटं रॉकेट काही दिवसांत तयार होतं म्हणे. मग वर कोणी अडकलं तर त्यातूनच यान का नाही पाठवत?"

प्रश्न बिनतोड होता. डिसेंबर २०२२ मध्ये अंतराळ स्थानकाला जोडलेल्या रशियाच्या सोयूझ यानातलं शीतक (यान थंड ठेवणारं द्रव) गळून गेलं आणि नेहमीच्या परतीसाठी ते यान बाद ठरलं. बदली यान पोहोचायला फेब्रुवारीची अखेर उजाडली.

इस्रोच्या त्या छोट्या रॉकेटचं, म्हणजे एसएसएलव्हीचं, वजन साधारण १२० टन, पण कक्षेत नेतं ५०० किलो. गंमत अशी की १९६२ मध्ये अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेनला पृथ्वीभोवती तीन फेऱ्या घडवणारं ॲटलास रॉकेट जवळपास तेवढ्याच वजनाचं होतं, आणि त्याने सुमारे १,३५० किलोचं यान वर नेलं. माणूस, खुर्ची, प्राणवायू, उष्णतारोधक कवच सगळं धरून. फरक मुख्यतः इंधनाचा. एसएसएलव्हीचे तिन्ही मुख्य टप्पे घन इंधनाचे. ॲटलासमध्ये केरोसिन आणि द्रव ऑक्सिजन, म्हणजे किलोमागे जोर जास्त. पण द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो, तो भरून ठेवता येत नाही. घन इंधन महिनोन्‌महिने तयार राहतं. फक्त एकदा पेटलं की विझवणं आपल्या हातात नाही. हातातल्या फुलबाजीकडे बघून भाच्याला हे लगेच पटलं.

मधला रस्ता, म्हणजे भरून ठेवता येईल आणि बंदही करता येईल असं इंधन, जेमिनी या अमेरिकेच्या दोन माणसांच्या यानाला नेणाऱ्या टायटन-२ रॉकेटने दाखवला होता. हे मुळात क्षेपणास्त्र. त्याची दोन्ही द्रव्यं साध्या तापमानाला टाकीत राहतात आणि एकमेकांना भिडताच पेटतात, ठिणगीही लागत नाही. १२ डिसेंबर १९६५ ला अंतराळवीर वॉली शिर्रा आणि टॉम स्टॅफर्ड जेमिनी-६ मध्ये बसलेले असताना इंजिनं सुरू झाली आणि सव्वा सेकंदात आपोआप बंद पडली. रॉकेटला लावलेला एक विजेचा प्लग वेळेआधी निसटला होता. तीन दिवसांनी त्याच रॉकेटने दोघांना कक्षेत नेलं, आणि त्याच तळावरून जेमिनी-७ जाऊन जेमतेम ११ दिवस झाले होते! आजही हा वेग हेवा वाटावा असाच.

किंमत आहे ती विषाची. १९७५ मध्ये अमेरिका-सोव्हिएत संयुक्त अपोलो-सोयूझ मोहिमेहून उतरताना अपोलो यानाच्या छोट्या इंजिनांमधला नायट्रोजन टेट्रॉक्साइड (टायटनच्या दोन द्रव्यांपैकीच एक) केबिनमध्ये शिरला आणि तिन्ही अंतराळवीरांना होनोलुलूच्या इस्पितळात ठेवावं लागलं. त्यांत हेच स्टॅफर्ड होते.

तरी माझा कौल याच इंधनाला. इस्रोचं विकास इंजिन त्याच जातीचं. २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून विकासवरच्या एकटप्पी रॉकेटने गगनयानचं, म्हणजे माणसं नेण्यासाठीच्या भारतीय यानाचं, रिकामं केबिन उडवलं. कक्षेत नाही, सतराएक किलोमीटर उंच. निघायला ५ सेकंद असताना संगणकाने सगळं रोखलं. चूक शोधली, आणि त्याच सकाळी दहाला रॉकेट उडालं.

हे सांगेपर्यंत भाच्याने वात पेटवली होती. आम्ही दोघंही मागे पळालो.