फेसाला वाट द्या

यीस्टने एक किलो ग्लुकोज फस्त केलं की साधारण अर्धा किलो अल्कोहोल होतं आणि जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड. अर्धा किलो ऐकायला किरकोळ वाटतं, पण खोलीच्या तापमानाला एवढ्या वायूला अडीचशे लिटरहून जास्त जागा लागते. अमेरिका-इंग्लंडात घरी बियर करणारे एका वेळी साधारण 19-20 लिटर लावतात. त्यात यीस्टला पचणारी साखर दीड किलोच्या आसपास धरली, तर साडेतीनशे लिटरहून अधिक वायू झाला. त्यातला बराचसा पहिल्या दोन-तीन दिवसांतच एका चिमुकल्या एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या पाण्याच्या झडपेतून, बाहेर पडायचा असतो. (आपल्याकडे महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा उद्योग 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा हे वाचण्यापुरतंच.)

नुसता वायू असता तर बिनबोभाट निघून गेला असता. पण बार्लीतली काही प्रथिनं उकळूनही टिकतात आणि हॉप्समधल्या (बियरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं) कडू द्रव्यांच्या साथीने बुडबुड्यांची कातडी चिवट करतात. त्यात एल बियरचं (थोड्या उबेत लवकर आंबणारा प्रकार) यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, बुडबुड्यांना धरून वर येतं. फेसाच्या या दाट थराला क्रॉइझेन म्हणतात. गव्हाच्या बियरमध्ये तो फारच दांडगा होतो. थंडीत संथपणे आंबणाऱ्या लागरमध्ये त्रास कमी.

फेस उसळणं हा दोष नाही, यीस्ट तब्येतीत असल्याची ती खूण आहे. घोटाळा होतो तो वाट अडल्यावर. कुकरमध्ये डाळ लावली की फेसाबरोबर सालं वर चढून शिट्टीचं भोक बुजवतात ना, अगदी तसाच हॉप्सचा चोथा एअरलॉकमध्ये अडकतो. मग आत दाब वाढतो, झाकण उडतं आणि छताला तपकिरी नक्षी मिळते. भांडं काचेचं असेल तर गोष्ट गमतीची राहत नाही. अशा वेळी तोंड लांब ठेवून झाकण हळूहळू सैल करायचं, हिसका द्यायचा नाही.

त्यापेक्षा पहिले काही दिवस एअरलॉक बसवूच नये. त्याऐवजी इंचभर रुंदीची नळी लावून तिचं दुसरं टोक जंतुनाशक पाण्याच्या बादलीत बुडवावं. बादली भांड्यापेक्षा खाली हवी, नाहीतर भांडं गार होताना तेच पाणी आत ओढलं जाईल. भांड्यात वर चौथा हिस्सा तरी जागा मोकळी सोडावी. तापमानही सांभाळावं लागतं, कारण आंबताना उष्णता सुटते आणि आतली बियर खोलीपेक्षा काही अंश गरम होते. बहुतेक एल 18 ते 20 अंशांवर ठेवली तर फेस आवरतो, शिवाय उग्र चवीची जड अल्कोहोलंही कमी होतात.

इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंटच्या कारखानदारांनी तर एकोणिसाव्या शतकात या उसळीवरच यंत्रणा उभारली. लाकडी पिंपांच्या ओळी, प्रत्येकावर हंसाच्या मानेसारखी वळलेली नळी. फेस तीतून वरच्या पन्हळीत चढायचा, यीस्ट तिथे राहायचं आणि बियर पुन्हा पिंपात उतरायची. तिथल्या मार्स्टन्स ब्रुअरीने ही पद्धत 2024 पर्यंत चालवली. नंतर त्यांचा एक संच थॉर्नब्रिज ब्रुअरीने घेतला.

फेस मारण्याची औषधंही मिळतात. पोटातल्या गॅसवर देतात ते सिमेथिकोन इथेही चालतं. त्याचे सूक्ष्म थेंब बुडबुड्याच्या कातडीत घुसून पसरतात आणि ती फाटते. डाळीत तेलाचा थेंब टाकण्यातला हेतू तोच. शेवटी ते बरंचसं यीस्टबरोबर तळाशी बसतं. भांडं काठोकाठ भरायचा मोह असेल तर ठीक, एरवी मला नळीच जास्त भरवशाची वाटते.

साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, करणाऱ्यांनी यीस्टच बदललं. तिथल्या ब्रुअरी संघटनेकडून मिळणाऱ्या क्योकाई यीस्टपैकी सातव्या क्रमांकाच्या प्रसिद्ध यीस्टचा 701 हा प्रकार फेसच करत नाही. पेशीभित्तीवरचं एक प्रथिन यीस्टला बुडबुड्यांना चिकटवून ठेवतं, आणि बिनफेसाच्या प्रकारांत त्याचाच जनुक बिघडलेला असतो. त्यामुळे टाक्या जास्त भरता येतात आणि धुण्याचा व्यापही कमी होतो. मात्र फेसाचं रूप पाहून साके कुठवर आली ते ओळखणाऱ्या जुन्या कारागिरांना तिथे पाहायला काही उरलं नाही.