नळाची धार फुगली म्हणून बिल उतरतं का?

परवा परत तो फॉरवर्ड आला. नळाच्या तोंडाला छोटी जाळी लावा, ती पाण्यात अर्धी हवा मिसळते, म्हणून पाणी अर्धं आणि बिल पण अर्धं. त्याखाली एकाने शंका काढलेली की मग मीटर त्या हवेचे पण पैसे लावत असेल! आता मीटर असतं लाईनवर पार मागे आणि हवा शिरते नळाच्या अगदी टोकाला, त्यामुळे ती शंका तिथेच मिटली. पण मूळ दावाही गंडलेलाच आहे. जाळी पाणी वाचवते हे खरं, हवेमुळे वाचवते हे खोटं.

या जाळीला एरेटर म्हणतात. मी आमच्या बेसिनचा काढून बघितला. आत एक गाळणी, तिच्याखाली बारीक भोकांची प्लास्टिकची चकती, मग जाळ्या, आणि या सगळ्यात लपलेली एक इवलीशी रबरी रिंग. भोकं पांढऱ्या क्षाराने बुजलेली, म्हणून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला तर बुडबुडे यायला लागले (कार्बन डायऑक्साइड, शाळेतलाच प्रयोग).

मग मापाचं १ लिटरचं भांडं आणि मोबाईलचा स्टॉपवॉच घेतला. एरेटर काढून नळ पूर्ण सोडला तर भांडं ५ सेकंदांत भरलं, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. एरेटर लावून १० सेकंद लागले, म्हणजे ६ लिटर. आता खरी गंमत. आमचा एरेटर जुन्या धाटणीचा आहे, त्याला बाजूने हवेसाठी खाचा आहेत, त्यांवर टेप गुंडाळली. पांढरी जाडजूड धार एकदम काचेसारखी पारदर्शक आणि बारीक झाली. भांडं भरायला किती वेळ लागला? परत साधारण १० सेकंदच. हवा गेली, बचत जागच्या जागी!

बचत करते ती चकती. नळावर दाब असतो तो वरच्या पाण्याच्या उंचीचा किंवा पंपाचा. पाण्याची पातळी १० मीटर वर असेल तर साधारण १ बार (बार हे दाब मोजायचं एकक) दाब मिळतो, आणि वाटेत काहीच घर्षण नसेल तर भोकातून पाणी सेकंदाला १४ मीटर वेगाने सुटेल. हे सूत्र टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाचं, सतराव्या शतकातलं: २ × गुरुत्व त्वरण × उंची, आणि या सगळ्याचं वर्गमूळ. वर्गमूळ आहे म्हणून दाब चौपट झाला तरी वेग दुप्पटच होतो. वेग गुणिले भोकांचं एकूण क्षेत्रफळ म्हणजे प्रवाह, त्यामुळे क्षेत्रफळ कमी केलं की प्रवाह कमी, एवढी साधी गोष्ट. पण दाब तर प्रत्येक घरात वेगळा असतो, मग एरेटरवर "मिनिटाला ६ लिटर" असं छापतात ते कशाच्या जोरावर? त्या रबरी रिंगच्या. दाब वाढला की रिंग चेपून फुगते आणि पाण्याची फट अरुंद करते, दाब उतरला की परत सैल पडते. ना बॅटरी, ना सेन्सर, नुसतं रबर स्वतःचं स्वतः ठरवतं. मला तर या रिंगचं इतकं कौतुक आहे की घरचे आता विषय बदलतात.

मग हवा कशाला? इथे बरेच जण बर्नोली या शास्त्रज्ञाच्या नियमाचं नाव घेतात, की वेग वाढला म्हणून दाब कमी झाला आणि हवा आत ओढली गेली. पण भोकातून मोकळ्यात सुटलेल्या धारेतला दाब जवळजवळ बाहेरच्या हवेइतकाच असतो, ती नुसती वेगात आहे म्हणून तिथे पोकळी होत नाही. होतं असं की वेगवान धारा शेजारच्या हवेला फरफटत नेतात, नेलेल्या हवेच्या जागी खाचांमधून नवी हवा येते, आणि खालच्या जाळीवर दोन्ही आपटून बुडबुडे होतात. बुडबुड्यांवरून प्रकाश विखुरतो म्हणून धार पांढरी दिसते. कमी पाण्याची धार एरवी सुईसारखी टोचली असती आणि चहूकडे उडाली असती, हवेमुळे ती मऊ आणि भरघोस वाटते. हवा म्हणजे मेकअप समजा. पण मेकअप नसता तर लोकांनी तिसऱ्या दिवशी जाळी काढून फेकली असती.

यातून एक गोष्ट निघते जी फॉरवर्डवाले सांगत नाहीत. बादली भरायच्या नळाला एरेटर लावून थेंबभरही वाचत नाही, फक्त बादलीजवळ दुप्पट वेळ उभं राहावं लागतं. वाहत्या पाण्याखाली हात धुणं, शॉवर, इथेच फायदा.

आणि शॉवरमध्ये पाण्यापेक्षा विजेचा फायदा मोठा. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात. १० मिनिटांत १२० लिटर पाणी २५ अंशांनी तापवलं तर होतात १२,६०० किलोज्यूल, म्हणजे साडेतीन युनिट. तेवढ्यात ९ वॉटचा एलईडी दिवा सोळा दिवस रात्रंदिवस जळेल! प्रवाह निम्मा केला की यातलं अर्धं वाचतं. फक्त इन्स्टंट गीझर असेल तर सांभाळून, ठरावीक प्रवाहाखाली तो चालूच होत नाही आणि मग अंगाला साबण लावून गार पाण्याखाली कुडकुडायचं.

पाईपला चुंबक बांधून पाणी "ऊर्जावान" करणारे पण असतात, म्हणे कमी पाण्यात जास्त स्वच्छता. पाण्याच्या रेणूंमधले बंध सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागात तुटतात-जुळतात, त्यांनी चुंबकाची आठवण नळापर्यंत ठेवायची कशी? असो.

एवढं सगळं करून मी बिलाची वाट बघत होतो, आकडा काही फार हलला नाही. म्हणून एका रात्री फ्लशच्या टाकीत निळा खायचा रंग टाकला आणि फ्लश न करता झोपलो, सकाळी खाली भांड्यात निळं पाणी. टाकीत येणारा कॉक बंद करून पातळीला पेनने खूण केली तर अर्ध्या तासात ३ लिटर गायब. दिवसाला १४४ लिटर. खरं तर जास्तच, कारण पातळी उतरते तसा दाब कमी होऊन गळतीही मंदावते (परत तेच वर्गमूळ), आणि एरवी टाकी कायम भरलेली असते. बेसिनचा नळ आमच्याकडे दिवसात पाचेक मिनिटं चालत असेल, म्हणजे एरेटरने वाचवले ३० लिटर. टाकीच्या तळाचं रबर बदललं, दहा मिनिटांचं काम. तेही रबरच, पण या रबराने ढिलेपणा कधी धरला ते कुणालाच कळलं नव्हतं.