बुरशीने झाडाचा अलार्म बंद केला, हे कळलं कसं?

लॅकॅरिया बायकलर नावाची एक छोटीशी अळंबी आहे. वर दिसते ती नुसती छत्री, खरा कारभार सगळा जमिनीखाली, तिचे धागे पॉप्लरसारख्या झाडांच्या मुळांवर मोजा चढवावा तसे गुंडाळलेले असतात. बुरशी नायट्रोजन, फॉस्फरस आणून देते, झाड तिला साखर देतं. हे सगळं जुनंच आहे हो, पण बुरशी मुळात घुसते तेव्हा झाड तिला हाकलून का देत नाही? एरवी बुरशी दिसली की झाड लगेच जॅस्मोनिक अ‍ॅसिड वगैरे धोक्याची सूचना देणारी रसायनं काढून आरडाओरडा सुरू करतं!

2006 ला पॉप्लरचा जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएचा वाचलेला मजकूर, आला, साधारण 45,000 जीन्स, वृक्षांमधला पहिलाच. 2008 ला या अळंबीचा, सुमारे 20,000. दोन्हींचं सिक्वेन्सिंग झालं अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या जॉइंट जीनोम इन्स्टिट्यूटमध्ये, जी 1997 ला खरं तर माणसाच्या जीनोमसाठी काढली होती आणि ते काम उरकल्यावर झाडं, जंतू, बुरशी यांच्या मागे लागली. पण जीनोम म्हणजे नुसती सामानाची यादी, त्यातलं कधी काय वापरलं जातं ते त्यात लिहिलेलं नसतं. त्यासाठी आरएनए, म्हणजे सुरू असलेल्या जीनची पेशीने काढलेली नक्कल, बघावा लागतो. तो बघितला तर मुळाशी जोडी जमल्यावर मिस्प-7 नावाच्या एका छोट्या प्रोटीनचं जीन जोरात सुरू झालेलं! फ्रान्सच्या नान्सीमधल्या टीमने 2011 ला दाखवलं की हे प्रोटीन थेट मुळाच्या पेशीच्या केंद्रकात जाऊन बसतं, आणि 2014 ला कळलं की ते तिथे जॅझ-6 नावाच्या झाडाच्याच प्रोटीनला मोडू देत नाही. जॅझ-6 म्हणजे जॅस्मोनिकच्या त्या अलार्मवर बसवलेलं झाकण. झाकण निघालंच नाही तर अलार्म वाजणार कसा? बुरशीतलं हे जीन दाबून टाकलं तर जोडीच जमत नाही.

टीम फ्रान्समधली, सिक्वेन्सिंग अमेरिकेत, हे मला फार आवडतं. कारण ही मशीन्स एकेका लॅबला परवडत नाहीत. वॉशिंग्टन राज्यात रिचलंडला ऊर्जा खात्याचीच एम्सल म्हणून प्रयोगशाळा आहे, तिथल्या एका मास स्पेक्ट्रोमीटरचा मॅग्नेट 21 टेस्ला ताकदीचा (हॉस्पिटलातला एमआरआय बहुतेक दीड नाहीतर तीनचा), मातीतल्या हजारो रेणूंची वजनं तो एका फटक्यात वेगळी करतो. जीनोम एकीकडे, रेणू दुसरीकडे, म्हणून दोन्हीकडे एकाच अर्जावर काम व्हावं अशी स्कीम काढली, नाव फायकस, म्हणजे वड, पिंपळ, उंबर ज्या गटात येतात त्याचंच शास्त्रीय नाव, कुणीतरी डोकं लावलंय! अर्ज तज्ज्ञ तपासतात, निवड झाली आणि निकाल खुले ठेवणार असाल तर मशीनचं भाडं नाही.

सगळ्यात नाजूक भाग मात्र तिकडे नमुन्यांच्या पाठवणीचा. मूळ उपटल्यावर आरएनए काही मिनिटांत बदलायला, तुटायला लागतो, म्हणून ते तिथल्या तिथे लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवायचं आणि मग ड्राय आइसच्या (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या) डब्यात भरून पाठवायचं. हा बर्फ वितळत नाही, उडून जातो, त्यामुळे वाटेत डबा अडकला की उघडल्यावर आत फक्त वितळलेल्या नमुन्यांच्या ट्यूब्ज.