आरंभकालीन स्वस्त डिजिटल कॅमेरा

फिल्मच्या रोलऐवजी इलेक्ट्रॉनिक संवेदकावर (सेन्सरवर) प्रतिमा टिपणारा, स्थिर भिंगाचा, बहुधा पडदा नसलेला आणि पेन्सिल सेलवर चालणारा छोटा कॅमेरा. त्याची मोठ्यात मोठी प्रतिमा सामान्यतः ६४० × ४८० चित्रबिंदूंची, म्हणजे सुमारे ०.३ मेगापिक्सेलची असे. मुंबईत त्याचा प्रसार साधारणपणे २००० ते २००४ या दरम्यान झाला असे मानता येते. आयातीवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले, तेही याच काळात. फिल्म कॅमेऱ्यांसाठी गिऱ्हाईक फोर्टातील बोरा बाजारात जाई. हा कॅमेरा मात्र संगणकावाचून निरुपयोगी असल्याने मुख्यतः लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजाराचा माल ठरला.

या वर्गातील पहिला कॅमेरा कोणता, याविषयी एकमत नाही. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये बनविलेला, ०.०१ मेगापिक्सेलची प्रतिमा कॅसेटवर २३ सेकंदांत नोंदविणारा कॅमेरा हा केवळ प्रायोगिक नमुना होता. काहीजण ॲपलच्या ‘क्विकटेक १००’ला (१९९४) मान देतात, पण ७४९ डॉलर किंमत आणि पूर्ण आकाराची फक्त ८ छायाचित्रे मावणारी स्मृती पाहता त्याला स्वस्त म्हणणे कठीण. कॅसिओच्या ‘क्यूव्ही-१०’मध्ये (१९९५) टिपलेले चित्र पाठीवरच्या पडद्यावर लगेच पाहता येई. ही सोय मोलाची, परंतु नेमकी तीच स्वस्त कॅमेऱ्यांनी पुढे खर्चापायी गाळली. ‘गेम बॉय कॅमेरा’ (१९९८) खरोखर स्वस्त होता. त्याची प्रतिमा १२८ × ११२ चित्रबिंदूंची आणि चारच छटांची.

किमतीपेक्षा संवेदकाचा प्रकार हा निकष अधिक सयुक्तिक वाटतो. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी शोधलेल्या सीसीडी या संवेदकाला अनेक विद्युत्दाब व सोबतच्या वेगळ्या चिप लागतात. एरिक फॉसम व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत विकसित केलेला सीमॉस संवेदक संगणकाच्या चिप बनविणाऱ्या कारखान्यांच्याच प्रक्रियेने तयार होतो, आणि नियंत्रणाची मंडले त्याच तुकड्यावर बसतात. कॅमेऱ्याची किंमत कोसळली ती यामुळे. म्हणून या कॅमेऱ्याचा वंश सीमॉसपासून धरणे योग्य.

त्याचे दोषही बव्हंशी याच बचतीतून आले. स्वस्त सीमॉस संवेदक प्रतिमा एकदम न वाचता ओळीओळीने वाचतो. धावत्या लोकलच्या खिडकीतून टिपलेले विजेचे खांब त्यामुळे तिरके येत. घरातील ट्यूबलाइटचा त्रास याहून मोठा होता. ५० हर्ट्झच्या विजेवर साध्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते व मंदावते. संपूर्ण प्रतिमा वाचायला १/३० सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात तीनाहून अधिक चढउतार होतात आणि चित्रावर आडवे पट्टे उमटतात. प्रत्येक ओळीचा प्रकाशनकाल (उजेड टिपण्याचा वेळ) १/१०० सेकंदाच्या पटीत ठेवल्यास पट्टे नाहीसे होतात. पण अमेरिका, तैवान येथील ६० हर्ट्झच्या विजेसाठी जुळविलेल्या कॅमेऱ्यात तो १/१२० च्या पटीत असे. गिरगाव-लालबागच्या चाळीतील खोलीत, जिथे दिवसाही ट्यूब लावावी लागे, तिथे हा दोष हटकून दिसे. मंद उजेडात चित्र दाणेदार होई. फ्लॅश नसल्यास गणेशोत्सवातील रात्रीच्या मंडपात दिव्यांच्या माळा तेवढ्या उठून दिसत, मूर्ती अंधारात जाई.

कित्येक कॅमेऱ्यांत छायाचित्रे एसडीरॅम या अस्थायी स्मृतीत राहत. तिच्यातील माहिती टिकविण्यासाठी ती सेकंदात अनेकदा ताजी करावी लागते. कॅमेरा बंद असला तरी सेल झिजत राहतात, आणि ते संपताच सगळी छायाचित्रे पुसली जातात. लग्न-बारशाच्या छायाचित्रांसाठी हा धोका पत्करण्याजोगा नव्हता. ८ मेगाबाइट स्मृतीत संकोचन न केलेली पूर्ण आकाराची सुमारे २७ चित्रे मावत, म्हणजे ३६ च्या रोलपेक्षा कमीच. खोक्यावर छापलेले ‘१.३ मेगापिक्सेल’ पुष्कळदा मधले बिंदू गणिताने भरून काढलेले असत, त्याने तपशील वाढत नसे. ६ इंच रुंद छपाईत इंचाला जेमतेम १०७ बिंदू येतात, त्यामुळे चित्र भुरकट दिसे.

गुण सांगताना त्याला भरउन्हातच तोलले पाहिजे. चिमुकल्या संवेदकामुळे भिंगाचे नाभ्यंतर (फोकल लेंग्थ) अगदी कमी असते; त्यामुळे सुमारे एक-दीड मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही पुरेसे स्पष्ट येते. मरीन ड्राइव्हवर दुपारी घेतलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर चांगलेच दिसे. ५० किलोबाइटचे जेपेग चित्र ५६ के मोडेमवरून दहा-बारा सेकंदांत परदेशी नातेवाइकांकडे जाई. सर्वांत मोठा गुण आर्थिक होता : रोल विकत घेणे, धुऊन आणणे, प्रती काढणे हा खर्च उरला नाही. मोजूनमापून फोटो काढणाऱ्या घरांना मनासारखे चित्र येईपर्यंत पुन्हा पुन्हा बटण दाबण्याची मोकळीक पहिल्यांदा याच कॅमेऱ्याने दिली, हे श्रेय त्याला नि:संकोच द्यावे लागेल.

नोकियाच्या ‘७६५०’ (२००२) या फोनमध्ये ६४० × ४८० चित्रबिंदूंचाच कॅमेरा होता, परंतु त्यातील चित्रे बॅटरी उतरल्यावरही टिकत. असे फोन स्वस्त होत गेले तसा हा कॅमेरा मागे पडला. पुष्कळ नमुने वेबकॅम म्हणूनही चालत. यूएसबीवरून वीज मिळत असल्याने त्या वापरात सेल संपण्याची अडचण येत नसे.